हॅण्ड रीडर सारखा ‘ऑफलाइन’ जातोय? दार उघडतं, पण पंच पोहोचत नाहीत

विषय आहे हॅण्डकी, हॅण्डपंच जातीच्या रीडरचा. कीपॅडवर आयडी टाकायचा, खुंट्यांमध्ये बोटं बसवून पंजा ठेवायचा, रीडर पंजाची लांबी-रुंदी-जाडी मोजतो आणि दार सोडतो. असे पाच-दहा रीडर एका आरएस-४८५ (दोन तारांवर अनेक उपकरणं जोडायची पद्धत) केबलवर ओवलेले असतात आणि ती केबल शेवटी एका कन्व्हर्टरमधून संगणकाला किंवा लॅनला जाते. बोटाच्या ठशाचे किंवा चेहऱ्याचे रीडर त्याच प्रकारच्या वायरिंगवर असतील तरी खालचं जवळजवळ सगळं लागू पडतं, कारण बिघाड बहुधा रीडरमध्ये नसतोच. तो वायर, जोड आणि सप्लायमध्ये असतो. रीडर बदलला, चार दिवस बरं चाललं आणि पुन्हा लाल, असं इतक्या ठिकाणी होतं ते म्हणूनच. रीडर बदलताना स्क्रू नव्याने आवळले जातात, तेवढ्यापुरता फरक पडतो.

लक्षणं

- दार नेहमीसारखं उघडतं, पण सॉफ्टवेअरमध्ये तो रीडर लाल दिसतो. पगाराच्या वेळी पंच (हजेरीच्या नोंदी) गायब असतात, किंवा काही तासांनी सगळे एकदम उतरतात.
- नव्या माणसाची नोंदणी मेन गेटवर झाली, पण तिसऱ्या मजल्यावरचा रीडर त्याचा आयडी ओळखत नाही.
- नोकरी सोडून गेलेल्याचा पंजा एखाद्या दारावर अजून चालतो. हे लक्षण दिसलं तर बाकीचं बाजूला ठेवून आधी तो आयडी त्या रीडरवरूनच हाताने काढा.
- एका रीडरचं घड्याळ बाकीच्यांपेक्षा पुढे-मागे आहे.
- लिफ्ट चालू असताना, शिफ्ट सुटताना किंवा पाऊस लागल्यावरच तक्रार येते.

दार उघडत राहतं याचं कारण सोपं आहे. या घराण्यात पंजाचा टेम्प्लेट (मापांची नोंद) जेमतेम ९ बाइटचा असतो आणि तो रीडरच्या स्वतःच्या मेमरीत बसतो. ओळख पटवायला सर्व्हर लागत नाही. त्यामुळे नेटवर्क मेलं तरी दारावरच्या माणसाला पत्ता लागत नाही, आणि बिघाड आठवडाभराने एचआरच्या एक्सेलमध्ये उगवतो.

पुढचं सगळं नेटवर्कच्या बिघाडाबद्दल आहे. रीडर ‘पंजा पुन्हा ठेवा’ म्हणत असेल तर तो वेगळा प्रश्न. तिथे पंजा ठेवायची पाटी, बाजूचा आरसा आणि वरची काच मऊ ओल्या कापडाने पुसा, थेट ऊन पडतंय का पाहा, बोटं खुंट्यांना टेकतात का पाहा. स्क्रीनवर ओळख पटल्याचं येतं पण दार सुटत नाही, तर रिले किंवा लॉक तपासा. या दोन्ही तक्रारींत केबल उचकटण्यात अर्थ नाही.

१. आधी लॉग, मग स्क्रूड्रायव्हर

सॉफ्टवेअरच्या इव्हेंट लॉगमधून गेल्या आठवड्यातले ‘ऑफलाइन’ आणि ‘पुन्हा जोडला’ असे सगळे इव्हेंट काढा आणि रीडरच्या पत्त्यानुसार लावा. खर्च शून्य, आणि अर्धं निदान इथेच होतं.

एकच रीडर जातो: त्याचा सप्लाय, त्याचे टर्मिनल किंवा त्याचा पत्ता. एका रीडरपासून पुढचे सगळे जातात: त्या दोघांमधली केबल किंवा जंक्शन बॉक्स. सगळे एकदम जातात: कन्व्हर्टर, संगणक किंवा लॅन. कोणताही केव्हाही जातो आणि आपोआप परततो: बायस (शांत ओळीचा व्होल्ट धरून ठेवणारे रोधक), अर्थिंग किंवा लिफ्टचा नॉइज. हा चौथा प्रकार सर्वांत चिवट, म्हणून त्याच्या तपासण्या शेवटी दिल्या आहेत.

हे जमण्यासाठी केबल इमारतीत कोणत्या क्रमाने फिरली आहे ते माहीत हवं. ड्रॉइंग असलं तरी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. नंतर वाढवलेले रीडर ड्रॉइंगमध्ये क्वचितच चढवलेले असतात.

‘बंद करून चालू केला की चालतो’ हा उपाय लॉग काढायच्या आधी करू नका, पुरावा जातो. आणि रीडरची मेमरी पुसण्याच्या फंदात तर मुळीच पडू नका. युजर आणि न उतरलेले पंच दोन्ही जातील. पुसायचीच वेळ आली तर आधी लॅपटॉप थेट त्या रीडरला लावून सगळा डेटा उतरवून घ्या.

२. पत्ता आणि बॉडरेट

रीडरच्या सेटअप मेन्यूत जाऊन दोन गोष्टी कागदावर उतरवा: पत्ता आणि सीरियल वेग. सगळ्या रीडरचा वेग एकच हवा, पत्ता प्रत्येकाचा वेगळा हवा. नवे रीडर कंपनीतून एकाच डीफॉल्ट पत्त्यावर सेट होऊन येतात. घाईत बदललेला रीडर तसाच लावला आणि तो पत्ता आधीच कुणाचा असला, की वर्गात एका नावाला दोघांनी ‘हजर’ म्हणावं तसं होतं. दोघं एकाच वेळी उत्तर देतात, ओळीवर कचरा होतो आणि दोन्ही रीडर आलटून पालटून लाल-हिरवे होतात. अलीकडेच एखादा रीडर बदलला असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

वेग ९६०० च्या वर ठेवला असेल तर ९६०० वर आणून पाहा. काही बाइटचे पंच वाहायला याहून जास्त लागत नाही. वेग एकेका रीडरचा नव्हे, सगळ्यांचा आणि सॉफ्टवेअरचा एकदम बदलायचा.

३. संगणक आणि कन्व्हर्टर

यूएसबी-४८५ कन्व्हर्टर असेल तर:

- सफाईनंतर तो दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये खोचला गेला की विंडोज त्याला बहुतेक वेळा नवा कॉम पोर्ट नंबर देतं आणि सॉफ्टवेअर जुनाच शोधत बसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नंबर पाहून जुळवा आणि त्या पोर्टवर चिकटपट्टी लावून ‘हलवू नये’ असं लिहा.
- डिव्हाइस मॅनेजरमध्येच यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण असते, ती काढा. रात्री सगळे रीडर जातात आणि सकाळी कोणी माउस हलवला की परततात, त्याचं कारण बहुधा हेच.
- एफटीडीआय चिपच्या कन्व्हर्टरमध्ये लेटन्सी टायमर १६ मिलिसेकंद असतो. सॉफ्टवेअरचा टाइमआउट तोकडा असेल तर पोर्टच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये तो १ करा.

इथरनेट कन्व्हर्टर किंवा इथरनेट कार्डाचा रीडर असेल तर आधी पिंग सतत चालू ठेवा. मग त्या उपकरणाची लॅन केबल काढा. केबल काढल्यावरही पिंगला उत्तर येत असेल तर तोच आयपी दुसऱ्या कुणाकडे आहे. बहुतेकदा नवा प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरा किंवा कुणाचा तरी फोन. आयपी राउटरच्या डीएचसीपी पट्ट्याबाहेरचा (राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांपलीकडचा) द्या, किंवा मॅक पत्त्यावर रिझर्व्ह करून घ्या.

पिंग चालतं पण सॉफ्टवेअर जुळत नाही, तेव्हा लक्षात घ्या की साधे कन्व्हर्टर एका वेळी एकच टीसीपी कनेक्शन घेतात. संगणक मध्येच लटकला किंवा लाइट गेली की कन्व्हर्टरच्या लेखी जुनं कनेक्शन जिवंतच राहतं आणि नव्याला तो दारात उभं करत नाही. कन्व्हर्टरच्या वेब पानावर कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का ते तपासत राहणारी सेटिंग) चालू करा, किंवा ‘इतके सेकंद काही आलं नाही तर कनेक्शन तोडा’ ही सेटिंग ६० ते १२० सेकंदांवर ठेवा. पुण्याचं ऑफिस व्हीपीएनवरून नागपूरच्या प्लांटचे रीडर वाचत असेल तर सॉफ्टवेअरचा टाइमआउटही वाढवायला हवा.

आणखी एक, आयटी विभागाने स्विच बदलल्यावर हमखास निघणारं. जुन्या रीडरची इथरनेट कार्डं १० एमबीपीएसची असतात. पोर्ट १०० किंवा १००० वर पक्का बांधला असेल, किंवा नवा स्विच १० घेतच नसेल, तर लिंकचा दिवाच लागत नाही. पोर्ट ऑटोवर आणा. तरी नाही जमलं तर मध्ये एक साधा १०/१०० चा स्विच टाका.

४. सप्लाय: इथे वेळ घालवा

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एसएमपीएसच्या (२३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणाऱ्या सप्लायच्या) तोंडावर नाही, रीडरच्या टर्मिनलवर मोजा. दार दोन-तीनदा उघड-बंद करायला लावा आणि आकडा किती घसरतो ते पाहा. १२ व्होल्टच्या रीडरवर आकडा क्षणभर जरी १०.५ च्या खाली जात असेल तर रीडर रीस्टार्ट होतोय असं धरून चाला.

सप्लाय सहसा दोन कारणांनी पडतो. पहिलं, पातळ वायर. डेटाच्या कॅट-५ किंवा कॅट-६ केबलमध्ये दोन जोड्या मोकळ्या दिसतात आणि सप्लायही त्यातूनच नेला जातो. हिशोब करा: २४ गेजच्या तारेचा रोध १०० मीटरला साधारण ८.४ ओहम. रीडर ५० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १०० मीटर. रीडरने अर्धा अँपिअर घेतला तर वाटेतच ४.२ व्होल्ट गेले, आणि १२ मधून उरले ७.८. एवढ्या अंतराला सप्लायसाठी १ चौरस मिमीची वेगळी वायर हवी. तिच्यात तेवढ्याच अंतरावर १ व्होल्टच्या आत जातो. रीडरच्या नेमप्लेटवर १२ ते २४ व्होल्ट लिहिलं असेल तर रीडरला २४ चा वेगळा सप्लाय हाही मार्ग आहे. पण १२ चं लॉक चुकूनही त्यावर लावू नका.

दुसरं कारण, रीडर आणि मॅग्नेटिक लॉक एकाच सप्लायवर. ६०० पाउंडचं लॉक १२ व्होल्टवर अर्ध्या अँपिअरच्या आसपास घेतं. दार बंद होताना सप्लाय दबतो आणि उघडताना कॉइलमधून उलटा झटका येतो. लॉकला स्वतंत्र एसएमपीएस द्या. ते लगेच शक्य नसेल तर डीसी लॉकच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड लावा, पट्टीची बाजू प्लसकडे. काही रुपयांचा भाग आहे, पण उलटा लावला तर थेट शॉर्ट होतो, म्हणून सप्लाय बंद करून लावा आणि दोनदा तपासा.

बॅटरी बॅकअप असेल तर २३० व्होल्टचा स्विच बंद करून बॅटरीवर किती टिकतं ते दहा मिनिटं पाहा. दोन-तीन वर्षं झालेली ७ एएचची बॅटरी नुसती मोजली तर १२.६ दाखवते आणि लोड आला की बसते.

५. जोड आणि जंक्शन बॉक्स

सगळ्या रीडरचे डेटा टर्मिनल उघडून तारा हलक्या हाताने ओढा. एकाच स्क्रूखाली येणारी आणि जाणारी अशा दोन तारा असतात, त्यातली एक सैल निघते. नुसत्या पिळलेल्या आणि टेप गुंडाळलेल्या जोडांवर विश्वास ठेवू नका. जोड कापा आणि जेलचे कनेक्टर किंवा टर्मिनल स्ट्रिप वापरा.

जून लागला की येणारी तक्रार गच्चीवरच्या, पार्किंगमधल्या आणि गेटवरच्या बॉक्समध्ये सापडते. झाकण उघडल्यावर तांब्यावर हिरवट थर दिसला तर तार तेवढी कापून पुन्हा छिला. नुसतं खरवडून भागत नाही. बॉक्स आयपी-६५ चा (धूळ-पाणी रोखणारा) असला तरी केबल वरून आत शिरत असेल तर पाणी केबलच्या अंगावरूनच आत येतं. ग्लॅण्ड खालच्या बाजूला घ्या आणि आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या. मुंग्या, पालीची अंडी आणि फॉल्स सीलिंगमध्ये उंदराने कुरतडलेली केबल हेही नेहमीचंच.

६. ध्रुवता, टर्मिनेशन, बायस

आधी ध्रुवता. एका कंपनीचा ‘ए’ दुसऱ्या कंपनीचा ‘बी’ असतो. म्हणून अक्षरांवर जाऊ नका, प्लस-मायनस जुळवा. रीडर पहिल्यापासूनच कधी बोललेला नसेल तर दोन तारा उलटून पाहायला हरकत नाही, त्याने काही जळत नाही. आधी चालत होता आणि आता अधूनमधून जातो, तर ध्रुवता कारण असू शकत नाही.

आता टर्मिनेशन, म्हणजे सिग्नलचा प्रतिध्वनी थांबवायला केबलच्या टोकांना लावलेले १२० ओहमचे रोधक. सगळे रीडर आणि कन्व्हर्टर बंद करून प्लस-मायनसमध्ये रोध मोजा. ६० ओहमच्या आसपास म्हणजे १२० चे दोन, दोन्ही टोकांना एकेक, बरोबर. १२० म्हणजे एकच. ४० म्हणजे तीन, कुणीतरी मधल्या रीडरचाही टर्मिनेशन स्विच चालू ठेवला आहे. शून्याजवळ म्हणजे केबल कुठेतरी शॉर्ट.

‘टर्मिनेशन टाका म्हणजे चालेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. ९६०० च्या वेगावर तो फारसा उपयोगी नाही. या वेगाला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो. ५०० मीटरच्या केबलमध्ये प्रतिध्वनी जाऊन-येऊन साधारण ५ मायक्रोसेकंद घेतो, म्हणजे बिट वाचायच्या कितीतरी आधी तो विरतो. उलट जास्तीचं टर्मिनेशनच त्रास देतं, आणि का ते पुढच्या मोजमापात कळतं.

सगळं चालू करा, सॉफ्टवेअरचं पोलिंग (एकेका रीडरला विचारत राहणं) थांबवा, आणि शांत ओळीवर प्लस-मायनसमधला डीसी व्होल्ट मोजा. आरएस-४८५ चा रिसीव्हर २०० मिलिव्होल्टच्या वर आणि उणे २०० च्या खालीच खात्रीने निर्णय देतो. मधल्या पट्ट्यात तो काहीही वाचू शकतो. कोणी बोलत नसताना ओळ २०० च्या वर धरून ठेवायचं काम बायसचे रोधक करतात: प्लसपासून ५ व्होल्टला एक, मायनसपासून ग्राउंडला एक. ५६० ओहमचे दोन आणि ओळीवर ६० ओहम असं गणित केलं तर सुमारे २५० मिलिव्होल्ट येतात. तिसरं टर्मिनेशन आलं की हाच आकडा १७० च्या आसपास घसरतो, आणि ‘कोणताही केव्हाही’ ही तक्रार सुरू होते. बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये बायसचा जंपर असतो. तो चालू करा, पण संपूर्ण ओळीवर एकाच जागी. ९६०० वर चालणारी, एकाच इमारतीतली लहान साखळी असेल तर दोन्ही टर्मिनेशन काढून पाहणं हाही रास्त प्रयोग आहे.

७. साखळी अर्धी करा

तरीही सापडत नसेल तर मधल्या जंक्शन बॉक्समध्ये पुढची जोडी सोडा. उरलेला अर्धा भाग दिवसभर स्वच्छ चालला तर दोष सोडलेल्या भागात. मग त्याचा अर्धा जोडा. आठ रीडरच्या साखळीत तीन वेळा अर्धं केलं की एका तुकड्यावर येता. सोडलेल्या भागातली दारं उघडत राहतील, त्यामुळे हे ऑफिसच्या वेळातही करता येतं. पंच रीडरमध्ये साठतात आणि जोडल्यावर उतरतात. फक्त त्या दिवशी कुणाचा आयडी काढायचा असेल तर तो प्रत्येक सुटलेल्या रीडरवर वेगळा काढावा लागेल.

साखळीतून मधेच फुटलेला फाटा या वेळी सापडतो. एक-दोन मीटरचा असेल तर सोडून द्या. चाळीस मीटरचा फाटा किंवा डक्टमधून चार दिशांना फुटलेलं स्टार वायरिंग असेल तर रिपीटर-हब बसवा, नाहीतर केबल पुन्हा एका ओळीत ओढा.

८. अर्थिंग आणि नॉइज

आरएस-४८५ ला दोन तारा लागतात असं म्हणतात, प्रत्यक्षात तिसरी, सिग्नल ग्राउंडची तार लागतेच. वेगवेगळ्या एसएमपीएसवरचे रीडर त्याच तारेमुळे एका पातळीवर राहतात. रिसीव्हर उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचा फरक सहन करतो, त्यापलीकडे डेटा बिघडतो आणि पुढे चिप उडते. सिग्नल ग्राउंडची तार टर्मिनलमधून सोडवून दोन टोकांच्या ग्राउंडमध्ये एसी आणि डीसी दोन्ही मोजा. एक-दोन व्होल्ट ठीक. याहून जास्त आकडा सतत दिसत असेल तर आयसोलेटेड (दोन बाजूंत विजेचा थेट संबंध नसलेला) कन्व्हर्टर किंवा रिपीटर हाच उपाय. पन्नास-शंभर व्होल्ट दिसले किंवा रीडरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर एसएमपीएसला अर्थिंगच नाही. तिथे हात काढा आणि वायरमन बोलवा.

दोन वेगळ्या इमारतींमध्ये, उदाहरणार्थ कारखाना आणि गेटची सिक्युरिटी केबिन, तांब्याची केबल असेल तर मे महिन्यातल्या वळवाच्या कडकडाटात ती एकदा तरी चिपा खाणार. तिथे फायबर टाका.

लिफ्ट चालू असतानाच रीडर जात असतील तर केबल लिफ्टच्या व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये आहे का पाहा. किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. केबलची शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थिंगला जोडा.

कुठे थांबायचं

२३० व्होल्टची बाजू, अर्थिंगचा खड्डा आणि पॅनेल: परवानाधारक वायरमन. लिफ्टच्या शाफ्टमध्ये किंवा मशीन रूममध्ये शिरायचं असेल तर लिफ्टची देखभाल करणारी एजन्सी.

फायर अलार्म पॅनेलमधून लॉकच्या सप्लायकडे येणाऱ्या तारेला हात लावू नका. आग लागली की तोच रिले लॉकचा सप्लाय तोडून दारं मोकळी करतो. सप्लाय बदलताना ही तार बायपास झाली तर रोजच्या वापरात काहीच कळत नाही. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक एजन्सी जानेवारी आणि जुलैत अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘ब’ प्रपत्र देते. लॉकच्या सप्लायमध्ये काहीही बदललं असेल तर त्याच एजन्सीकडून दारं सुटतात का याची चाचणी लगेच करून घ्या, पुढच्या प्रपत्राची वाट पाहू नका.

रीडरला जळका वास येतोय, वीज पडल्यानंतर एकापेक्षा जास्त रीडर गेलेत, किंवा रीडर लॅपटॉपला थेट मीटरभर वायरने जोडूनही बोलत नाही, तर बोर्ड गेला आहे. सोल्डरिंग करत बसू नका. वॉरंटी किंवा एएमसी (वार्षिक देखभाल करार) असेल तर सीलही फोडू नका.

तंत्रज्ञ येईल तेव्हा त्याच्या हातात द्यायचं ते असं: पत्त्यानुसार लावलेला लॉग, केबलचा खरा क्रम, प्रत्येक रीडरवरचा किमान व्होल्ट, ओळीचा रोध, शांत ओळीवरचे मिलिव्होल्ट, आणि युजर डेटाचा त्याच दिवशी घेतलेला बॅकअप.